सावर्ड्याचा हॉर्न

रत्नागिरी,
२४ मार्च १९८८

सौ. राहीस,

पत्राच्या सुरुवातीला आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे. ते लिहायला गेलो आणि पेन अडलं, म्हणून ती ओळ सोडतो. तू आणि गंगी खुशाल आहात असं धरून चालतो.

तू माहेरी गेल्याला आज तेरा दिवस झाले. तू रागावून गेलीस हे आई वाडीत कुणाला सांगत नाही. कुणी विचारलं की म्हणते, "बापूस आजारी हाय तिचा, म्हनून गेल्ये." तुझ्या आप्पांना तिने घरबसल्या अंथरुणाला खिळवलंय. त्यांच्या कानावर घालू नकोस, आधीच ते माझ्यावर कमी चिडलेले नसतील.

इकडे आंब्याचा हंगाम सुरू झालाय. शेठच्या गाडीला आठवड्याला दोन खेपा मुंबईच्या. दुपारी पेट्या चढवायच्या, चारला रत्नागिरी सोडायची, हातखंब्याला हायवेला लागायचं आणि दिवेलागणीला सावर्डे गाठायचं. आप्पांच्या सायकल दुकानापुढे वळण आहे ना, तिथं मी हॉर्न मारतो. एक लांब आणि एक आखूड. लांब तुझ्यासाठी, आखूड गंगीसाठी. तुमचं घर वर टेकाडावर, झाडांत, रस्त्यावरून कौलसुद्धा दिसत नाही. पण आवाज पोचत असणार. आमचा क्लीनर भागोजी माझ्या बापाच्या वयाचा आहे, त्याला कुणी काही सांगायला लागत नाही. परवा म्हणाला, "बायकोला बोलवायचा तर उतरून बोलंव. गाडीला कशाला वरडायला लावतंस?" मी म्हटलं, वळण अवघड आहे.

त्याच दिवशी पेट्या चढवताना खिळ्यावर पाय पडला. पेटीच्या फळीचा खिळा, चप्पल फोडून डाव्या तळव्यात गेला. भागोजीने ओढून काढला, वर हळद दाबली आणि मी तसाच गाडीवर बसलो. ही काही पत्रात लिहिण्याजोगी गोष्ट नाही. पण लिहिण्याजोगी आहे ती लिहिता येत नाही, म्हणून ही लिहिली.

शिमग्यात मी पडवीत का निजलो, माझ्या कपाच्या कानाला लाल दोरा का बांधला, गंगी हात वर करून उभी राहिली तरी तिला का उचललं नाही, हे तू विचारलंस. मी सांगितलं, हेदवीच्या गणपतीला नवस बोललोय, तो फिटेपर्यंत असंच. तिसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस. राही, तुझ्या मनात आलं तसं नाही. मी कुणी दुसरी ठेवलेली नाही. एवढं तरी खरं मान.

तुझं पत्र आलं नाही तरी चालेल. पण गंगीचा खोकला राहिला का, एवढं एका कार्डावर कळव.

तुझा,
केरू


रत्नागिरी,
६ एप्रिल १९८८

राही,

कार्ड आलं नाही. मी रोज पोस्टमनला वाटेत गाठतो. आता तो माझ्यासाठी सायकलवरून उतरतसुद्धा नाही, लांबूनच हात हलवतो.

हे आंतर्देशीय पत्र आहे, चांगली खळ लावून बंद करतोय. आप्पांच्या दुकानावर येईल, पण आप्पा दुसऱ्याचं पत्र फोडणारे नाहीत हे मला ठाऊक आहे. तू एकटी असताना वाच.

फेब्रुवारीत आम्ही पहिल्या पेट्या भरत होतो. पेटीत तळाला रद्दी घालतात आणि वर भाताचा पेंढा. त्या रद्दीतला एक कागद माझ्या हाताला लागला. त्यात एड्स नावाच्या नव्या रोगाची माहिती होती. परदेशातला रोग, आता मुंबईतही सापडलाय, त्याला औषध नाही. बाईपासून पुरुषाला होतो, पुरुषापासून बाईला, रक्तातून, सुईतून. पुढे लक्षणं दिली होती. वजन उतरतं, ताप येतो-जातो, पोट बिघडतं, तोंडाला चट्टे पडतात, मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. त्याखाली ठळक अक्षरात 'हा रोग कशाने होत नाही' असं होतं, आणि नेमका तिथंच कागद फाटलेला. राहिलेला तुकडा कुणाच्या आंब्याखाली मुंबईला गेला कोण जाणे. माझ्याकडे आहे तेवढा मी घडी करून लायसनच्या पाकिटात ठेवलाय. कशाने होत नाही ते कळलं नाही, म्हणून मी सगळ्यालाच भ्यालो. कपाला, अंथरुणाला, गंगीच्या गालाला.

मला तो रोग झालाय असं मला वाटतं. लिहिलं एकदाचं.

तू म्हणशील, डोक्यात घेतलंय. पण सगळं जुळतंय. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. संध्याकाळचा अंगात ताप असतो. ओठाच्या कोपऱ्याला काळा चट्टा आलाय. भागोजी म्हणतो, "आंब्याचा चीक लागला हाय, रत्नांगिरीचा ना तू?" चीक मलाही कळतो. पण चीक कळणाऱ्या माणसाला रोग होत नाही असं कुठं आहे? आणि गेल्या आठवड्यात शेवटची खूण पण आली. डाव्या जांघेत गाठ. बोराएवढी आहे, दाबली की दुखते. क्लचवर पाय दिला की कळ जाते. सावर्ड्याच्या वळणावर दोनदा क्लच दाबावा लागतो.

कसा लागला ते विचारशील. आंतर्देशीयाला एवढीच जागा असते. पुढच्या पत्रात लिहितो.

केरू


रत्नागिरी,
१७ एप्रिल १९८८

राही,

मागच्या पत्रात जागा संपली असं लिहिलं होतं. जागा होती. चार बोटं कोरा कागद तू बघितलाच असशील.

दिवाळीनंतर काजूचा माल घेऊन मुंबईला गेलो होतो. माल उतरवायला वेळ लागणार होता, म्हणून बाजाराच्या मागच्या रस्त्याला लागलो. तिथं कडेला एक गोंदणारा बसला होता, बॅटरीवरची सुई घेऊन. माझ्या आधी त्या गल्लीतल्या दोन बायका गोंदून घेत होत्या. त्यांचं झालं, त्याने सुई फडक्याला पुसली आणि माझा हात धरला. काय लिहू म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं. तो कागद वाचल्यापासून ते फडकं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

माघी गणपतीला मी घरी आलो तेव्हा तू ती अक्षरं बघितलीस. दिव्याजवळ हात ओढून नेलास, त्यावर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "दोनच अक्षरं. स्वस्तात सुटलात." किती हसलीस तू. त्या चार दिवसांत तू माझा हात सोडतच नव्हतीस. आता तो हात स्टिअरिंगवर असतो आणि सबंध घाट तुझं नाव माझ्यापुढे असतं. भागोजीला वाचता येत नाही. त्याला वाटतं तो देवाचा मंत्र आहे.

तर असं झालं. तुझं नाव गोंदताना झालं.

मला घराची फार आठवण येते. घरी जाऊन आलो तरी येते, कारण तू तिथं नाहीस. भाकरी थापताना हात पिठात असले की तू कपाळावरचे केस खांद्याने मागे सारतेस, मग ते परत पुढे येतात आणि तू त्यांच्यावर चिडतेस. ते बघायला मी चुलीपाशी उगाच काहीतरी शोधत बसायचो. तुला वाटायचं मला भूक लागलीय. भूक नसायची गं.

परवाच्या खेपेला वळणावर हॉर्न मारला तर पायवाटेच्या तोंडाशी लाल झगा दिसला. गंगीचा होता की दुसऱ्या कुणाच्या मुलीचा, नीट कळलं नाही. भागोजी म्हणाला, "थांबंव रं." मी गेर बदलला. मग चिपळूणपर्यंत तो खिडकीतून मान बाहेर काढून मागेच बघत होता.

ताप आहेच. गाठ आता सुपारीएवढी झालीय.

केरू


रत्नागिरी,
२९ एप्रिल १९८८

राही,

हे पत्र पाकिटात घालून पाठवतोय. पूर्ण वाच. अर्ध्यात टाकून दिलंस तरी तुझा राग मी समजेन, पण पूर्ण वाचलंस तर बरं.

गेल्या खेपेला मुंबईत मी मोठ्या इस्पितळाच्या दारापर्यंत गेलो होतो. तिथं रक्त तपासतात असं ऐकलं होतं. खिडकीवरच्या माणसाने कागद पुढे सरकवला. नाव, गाव, लग्न झालंय का, तक्रार काय. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, लग्न झालंय लिहिलं. तक्रारीशी आलो आणि कागद तसाच ठेवून बाहेर पडलो. बाहेर भागोजी उभा होता. म्हणाला, "तू लंगडतंस." मी म्हटलं, अंगात ताकद राहिली नाही. तो म्हणाला, "ताकद नसली तर मानूस दोनी पायांनी वाकडा चालतो, एकानंच नाय." मी गाडीकडे चालायला लागलो.

राही, सुईचं लिहिलं ते खोटं नाही. फडकंही खरं, त्या दोघी बायकाही खऱ्या. पण तो गोंदणारा एका जिन्याच्या पायथ्याशी बसला होता, आणि मी आधी तो जिना चढलो होतो.

मला कुणी ओढून नेलं नाही. मी प्यायलेला नव्हतो. भागोजी बरोबर नव्हता, तो गाडीत झोपला होता, त्याच्यावर ढकलायचीही सोय नाही. बाजारातले दोघे ड्रायव्हर निघाले आणि चल म्हणाले. मला नाही म्हणता येत होतं. वर एक पडदा होता, पडद्यापलीकडे लहान मूल रडत होतं, आणि मी तरी उठून आलो नाही. खाली उतरलो तर तो गोंदणारा समोर. तेव्हा तुझं नाव घातलं. लाज वाटली म्हणून घातलं. म्हटलं, हात बघितला की पुढच्या वेळी पाय आवरेल. आवरलाही, परत कधी गेलो नाही. पण आधी जिना आणि मग नाव, हा क्रम मला मागच्या पत्रात उलटा करायचा होता. तो जमला नाही म्हणून जिनाच गाळला.

दुसरी ठेवलेली नाही असं मी पहिल्या पत्रात शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं. ते अक्षराला धरून खरं होतं. मला असं खरं बोलता येतं हे मला आधी माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूला धर. ज्या दिवशी तो कागद वाचला त्या दिवसापासून मी तुझ्यापासून लांब राहिलो. तुला काही होऊ नये म्हणून राहिलो. तू आत निजलेली असायचीस आणि मी पडवीत आढ्याचे वासे मोजायचो. तुझ्या बांगड्या वाजल्या की वाटायचं उठावं आणि आत जावं. नवसाचं खोटं सांगितलं ते तुला वाचवायला.

हंगाम संपला की गाडी शेठला परत देणार आहे. आईला सांगेन, मुंबईत काम लागलं. मग तिकडेच कुठंतरी राहीन, जेवढे दिवस आहेत तेवढे. गंगीला सांग बाबा मोठ्या गाडीवर गेलाय. तिला माझी किल्ली हवी असायची, ती भागोजीकडे देऊन ठेवीन.

मला तू हवी आहेस. हे लिहायचा हक्क राहिला नाही, तरी लिहितो. दर खेपेला दिवेलागणीला सावर्डे येतं आणि माझ्या छातीत दुखायला लागतं, त्या दुखण्याचं नाव त्या कागदात नाही.

केरू


सावर्डे,
६ मे १९८८

तुमची चारही पत्रं पोचली. नमस्कार लिहायची रीत आहे, तो लिहिला असं समजा.

गंगीचा खोकला राहिला. पहिल्या पत्राला उत्तर देणार नव्हते. दुसऱ्याला द्यावं वाटलं, तर तिसरं आलं, आणि चौथं वाचून दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. आईने विचारलं तर म्हटलं दाढ दुखते. तुमच्या घरी राहून खोटी दुखणी सांगायला मी पण शिकले.

मग चारही पत्रं पुढ्यात घेऊन ओळीने वाचली. पहिल्यात तुम्ही लिहिलंय, डाव्या तळव्यात खिळा गेला. दुसऱ्यात लिहिलंय, डाव्या जांघेत गाठ आली. चौथ्यात भागोजीकाका म्हणतात, तुम्ही एका पायाने लंगडता. खिळ्याचं पुढे एक अक्षर नाही. पाय बरा झाला का नाही, तुम्हाला तरी माहीत आहे का?

पायाला जखम असली की जांघेत येते त्याला अवधाण म्हणतात. हे तुम्हाला सांगायला लागतंय याचं मला हसू येतं आणि रडूही येतं. मागच्या वर्षी गंगीच्या पायात काटा मोडला तेव्हा तिला अवधाण आलं होतं. तुम्हीच तिला खांद्यावर घेऊन वाडीभर हिंडलात आणि भेटेल त्याला सांगत होतात, पोरीला अवधाण आलंय म्हणून. पेपरात गाठ लिहिलं होतं, म्हणून तुमची गाठ झाली. अवधाण लिहिलं असतं तर तुम्ही आधी पाय उचलून बघितला असता. आज हे पत्र वाचून झालं की उजेडात बसा आणि तळवा बघा. मग डॉक्टरला दाखवा.

याचा अर्थ तो रोग तुम्हाला नाही असा होत नाही. ते मला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही, कितीही चाचपलंत तरी.

आता माझं. तुम्ही लिहिलंत, माझं नाव गोंदताना झालं. ते वाचून मी आठ दिवस देवापुढे बसून म्हणत होते, माझ्या नावापायी या माणसाला रोग झाला. मग चौथं पत्र आलं. ती अक्षरं आता निघणार नाहीत, राहू देत. पण माझ्यासाठी गोंदलीत असं परत म्हणू नका.

त्या बाईचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. विचारलं नसणारच. तिचं पोर रडत होतं म्हणता. तिला कुणी असा कागद वाचून दाखवला असेल का, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्यावर रागवायचा मी प्रयत्न केला, तो राग पण फिरून तुमच्यावरच येतो.

आणि मला वाचवायला लांब राहिलो म्हणता. कागद फेब्रुवारीत वाचलात. दिवाळीनंतर जिना चढलात. मधे माघ होता. माघी गणपतीला तुम्ही पडवीत निजला नव्हतात. चार दिवस मी तुमचा हात सोडला नाही, हे तुम्हीच लिहिलंत, आणि किती गोड करून लिहिलंत. चार पत्रांत तुमचं वजन आहे, तुमचा ताप आहे, तुमचं मरण आहे. माझं कुणी लिहायचं? गेले दोन दिवस मी विहिरीवर, चुलीपाशी, गंगीला जेवू घालताना माझी मान चाचपते आहे. मला काही लागत नाही. पण तुम्हाला लागत होतं ते खोटं निघालं, तर मला लागत नाही ते तरी खरं कशावरून?

शिमग्यानंतर मी आप्पांना घेऊन हेदवीला गेले होते. वाटलं, काय बोलला आहात ते बोलला आहात, तो नवस आपण फेडून टाकावा म्हणजे हे पडवीतून आत येतील. नारळ ठेवला आणि म्हटलं, देवा, कसला नवस ते मला माहीत नाही, तुला माहीत असेल. त्यालाही माहीत नव्हता.

लाल झगा गंगीचाच होता. तिला तुमचा हॉर्न कळतो. लांबवाला वाजला की हातातलं टाकून पायवाटेने पळत सुटते, आणि आखूड वाजेपर्यंत अर्ध्या वाटेवर असते. खाली पोचते तेव्हा तुमची गाडी गेलेली असते. परत येते आणि काही बोलत नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

तुम्ही मुंबईत कुठं जाऊन राहणार नाही. आधी तपासायचं, दोघांनी. मी तुमच्याबरोबर येते. त्यानंतर मी तुमच्या घरी येईन असं यातून धरू नका, ते मी अजून ठरवलेलं नाही. कधी निघायचं ते कळवा.

आणि यापुढे हॉर्न मारू नका. गाडी थांबवा.

राही


रत्नागिरी,
११ मे १९८८

राही,

तुझं पत्र पेट्यांवर बसून वाचलं. वाचून झाल्यावर चप्पल काढली. भागोजी वाकून बघायला लागला, म्हणाला, "अरं मेल्या, ह्या काय पाय हाय?" खिळ्याच्या जागेने वरून खपली धरली होती आणि आत ठसठसत होती. मी महिनाभर रोज मान चाचपत होतो, काख चाचपत होतो, आरशात जीभ बघत होतो. तळव्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी जखम मोकळी केली. आतून तांदळाएवढा रबराचा तुकडा निघाला, माझ्याच चपलेचा. खिळ्याबरोबर आत गेला होता. जांघेत हात लावून डॉक्टर म्हणाले, "हे अवधाण आहे." अगदी तुझा शब्द. मी तिथं बाकावर बसून रडलो. त्यांना वाटलं पाय दुखतोय.

मग मी उठून दार लावून घेतलं आणि त्यांना जिन्याचं सांगितलं, सुईचं सांगितलं, माघाचंही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, अवधाण उतरेल, ताप जाईल, पण बाकीचं रक्त तपासल्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली, त्यात दोघांची नावं आहेत. माझ्याकडचा कागद मी त्यांना दाखवला. फाटलेल्या जागेखाली काय असणार ते त्यांनी सांगितलं. एका कपाने होत नाही. एका ताटात जेवून होत नाही. मुलाला उचलून घेऊन होत नाही.

गंगी शिमग्यात हात वर करून उभी होती, राही. मी मागे सरलो होतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. माघ मी विसरलो नव्हतो. तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आधी माघच आठवला होता. मग मी त्यावर माझा ताप ठेवला, माझं वजन ठेवलं, गाठ ठेवली, आणि तो दिसेनासा केला. स्वतःच्या मरणाचं लिहिताना माझं पेन कधी अडलं नाही. तुझं लिहायचं तर पहिलाच शब्द सुचला नसता.

अवधाण उतरतंय. काल घाटात क्लच दाबला तर कळ आली नाही. मला वाटलं होतं त्या दिवशी मी आनंदाने ओरडेन. पण तू विहिरीवर उभी राहून मान चाचपतेस एवढंच डोळ्यांपुढे होतं, आणि तुझा हात धरायला मी तिथं नव्हतो.

येत्या सोमवारी, १६ तारखेला मी खेप घेऊन निघतोय. शेठला सांगितलंय की घरचं माणूस बरोबर आहे. भागोजी म्हणतो, "मी मागं पेट्यांवर बसतंय, पुढं तुमी बसा." दिवेलागणीला वळणावर येईन. हॉर्न मारणार नाही. गाडी बंद करून खाली उतरेन आणि पायवाटेच्या तोंडाशी उभा राहीन. गंगीला तिथवर घेऊन ये, घाई करू नकोस, तिला तिच्या चालीने येऊ दे. किल्ली तिच्या हातात देईन आणि तिला उचलून घेईन. ती मागे सरली तर उभा राहीन.

तू घरी यायचं की नाही ते मी विचारणार नाही. तुझ्या मनात काय आहे ते सबंध वाटेत बोललीस तरी ऐकेन, आणि काही बोलली नाहीस तरी तुला खिडकीजवळची जागा ठेवीन.

वाटेत चहाला थांबायला लागेल. तेव्हा कप एक मागवायचा की दोन, ते तू सांग.

केरू